हॅरिस शील्डमधले हॅरिस त्रिनिदादचे कसे?

प्रश्न : माझा नातू यंदा शाळेकडून हॅरिस शील्ड खेळला. ‘हे हॅरिस कोण?’ असं त्यानं विचारलं म्हणून शोधायला बसलो, तर कळलं की मुंबईचा हा गव्हर्नर त्रिनिदादमध्ये जन्मला होता. इंग्लंडचा उमराव वेस्ट इंडीजमध्ये जन्मतो आणि मुंबईवर राज्य करतो, हे कसं? त्रिनिदादच्या गव्हर्नरांची यादी पाहिली, तर आधी स्पॅनिश नावं, मग इंग्रजी. आणि गावांची नावं मात्र बरीचशी फ्रेंच. हे बेट नक्की होतं कोणाचं? हे गव्हर्नर करत तरी काय? आजच्या राज्यपालांसारखे सहीपुरते होते का? आणि जाता जाता एक, तिथे ऊस तोडायला जे भारतीय गेले, त्यांत आपली मराठी माणसं होती का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : तुमच्या नातवानं एक प्रश्न विचारला आणि तुम्ही त्याचे पाच केलेत, हे छान झालं. पाचही एकमेकांत गुंतलेले आहेत, त्यामुळे टोक हाती धरून एकेक गाठ सोडवू. टोक अर्थातच हॅरिस.

मुंबईच्या शाळकरी क्रिकेटमधली ढाल ज्यांच्या नावानं दिली जाते, ते चौथे लॉर्ड हॅरिस. १८९० ते १८९५ या काळात ते मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते. पुण्याहून पिंपरी-चिंचवडकडे जाताना दापोडीला जो हॅरिस पूल लागतो, तोही यांच्याच नावाचा. १८८० साली ओव्हलवर इंग्लंडच्या भूमीवरचा पहिला कसोटी सामना झाला, त्यात इंग्लंडचे कर्णधार हेच होते. जन्म ३ फेब्रुवारी १८५१, त्रिनिदादमधल्या सेंट अॅन्स इथे. तेव्हा तुम्हाला मिळालेली माहिती बरोबर आहे.

पण म्हणून त्यांना ‘त्रिनिदादचे’ म्हणता येणार नाही. त्यांचे वडील, तिसरे लॉर्ड हॅरिस, १८४६ ते १८५४ त्या बेटाचे गव्हर्नर होते. तिथल्याच एका वरिष्ठ धर्माधिकाऱ्याच्या मुलीशी त्यांनी लग्न केलं आणि मुलगा झाला. मुलगा तीन वर्षांचा असताना वडिलांची नेमणूक मद्रासच्या गव्हर्नरपदी झाली. १८५६ साली मद्रास इलाख्यात पहिली आगगाडी धावली आणि १८५७च्या उठावात मद्रासहून बंगालकडे फौजा गेल्या, त्या वेळी मद्रासचे गव्हर्नर हेच. मुलगा पुढे ईटन आणि ऑक्सफर्डला शिकला. त्याच्या घडणीत बेटाचा वाटा जवळपास नाहीच.

या घराण्याला उमरावकी मिळाली कशी, हेही पाहण्यासारखं आहे. १७९९ साली श्रीरंगपट्टण घेऊन टिपू सुलतानाचा पाडाव करणाऱ्या फौजेचा सेनापती होता जनरल जॉर्ज हॅरिस. तो पहिला लॉर्ड हॅरिस, आणि त्याच्या पदवीतच श्रीरंगपट्टण आणि म्हैसूर ही नावं घातलेली होती. म्हणजे पणजोबा श्रीरंगपट्टणला, वडील त्रिनिदाद आणि मद्रासला, मुलगा मुंबईला.

हा योगायोग वाटतो, पण आपल्याकडे कलेक्टरची एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात बदली होते, तसाच हा प्रकार होता. फक्त जिल्ह्यांच्या जागी खंडं होती. कॅरिबियन बेटांच्या नेमणुका लंडनचा वसाहतखात्याचा मंत्री ठरवी. भारताचा कारभार आधी कंपनीकडे आणि १८५८ नंतर वेगळ्या मंत्र्याकडे होता. कागदोपत्री दोन्ही खाती निराळी; पण माणसं निवडायची ती त्याच मोजक्या घराण्यांतून, त्याच लष्करातून, त्याच क्लबांतून. त्यामुळे या खात्यातला माणूस त्या खात्यात जायला अडचण नसे.

उदाहरणं हवी तितकी आहेत. १८३५ साली हिंदुस्थानचा हंगामी गव्हर्नर-जनरल असताना वृत्तपत्रांवरची बंधनं उठवणारा चार्ल्स मेटकाफ १८३९मध्ये जमैकाचा गव्हर्नर झाला. त्याच्यानंतर जमैकाला आलेला लॉर्ड एल्गिन पुढे कॅनडाला गेला आणि अखेर व्हाइसरॉय म्हणून भारतात येऊन १८६३ साली धरमशाला इथे वारला. निळीच्या दंग्यांच्या काळात बंगाल सांभाळणारा जॉन पीटर ग्रँट १८६६ साली जमैकाला पाठवला गेला. मुंबईकरांच्या ओळखीचं आणखी एक नाव म्हणजे कुलाब्याच्या वोडहाउस रोडचे सर फिलिप वोडहाउस. ते १८५४ ते १८६१ ब्रिटिश गयानाचे गव्हर्नर होते. मग दक्षिण आफ्रिकेतली केप वसाहत, आणि १८७२ ते १८७७ मुंबई. १८७५ साली सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, तेव्हा मुंबईच्या गव्हर्नरपदावर हेच होते. उसाच्या मळेवाल्यांची वसाहत हाताळून आलेला माणूस आता कर्जात बुडालेल्या कुणब्यांचे अर्ज वाचत होता.

आता तुमची दुसरी गाठ : बेट कोणाचं?

त्रिनिदाद जवळजवळ तीनशे वर्षं स्पेनचं होतं. कोलंबस तिथे १४९८ साली पोचला, १५९२ साली स्पॅनिशांनी सान होसे हे गाव वसवलं, आणि मग बराच काळ त्यांनी या बेटाकडे फारसं पाहिलंच नाही. सोनं नव्हतं, चांदी नव्हती. १७८३ साली साऱ्या बेटावर जेमतेम पावणेतीन हजार माणसं होती, आणि त्यातले बहुसंख्य तिथले मूळ रहिवासी. असं मोकळं बेट शत्रू केव्हाही गिळेल, ही स्पेनला धास्ती. म्हणून त्याच वर्षी राजानं एक फर्मान काढलं : जो कॅथलिक असेल आणि स्पेनच्या राजाशी इमान राखेल, अशा परक्यालाही त्रिनिदादमध्ये जमीन फुकट मिळेल. गुलाम सोबत आणले तर प्रत्येक गुलामामागे जादा जमीन. ही शेवटची अट नीट वाचली पाहिजे, कारण पुढचा सगळा इतिहास तिच्यातून निघतो.

आजूबाजूच्या बेटांवर कॅथलिक आणि अनुभवी मळेवाले होते ते फ्रेंच. ग्रेनाडासारखी बेटं इंग्रजांच्या हाती गेल्यानं ते अस्वस्थ होते. पुढे फ्रेंच राज्यक्रांतीनं उरलेल्यांनाही हलवलं. ते गुलामांसह त्रिनिदादला आले. त्यांच्याबरोबर मिश्रवंशाची स्वतंत्र कुटुंबंही आली. त्यांना गोऱ्यांच्या निम्म्यानं जमीन मिळे. पोर्ट ऑफ स्पेनच्या रस्त्यांवर फ्रेंच आणि फ्रेंच-आफ्रिकी बोली ऐकू येऊ लागली, आणि ब्लांशिसूज, ग्रांद रिव्हिएर अशी नावं गावांना चिकटली. त्रिनिदादवर फ्रान्सचं राज्य होतं, हा समज यातूनच पसरलेला आहे. राज्य फ्रान्सचं कधीच नव्हतं. झेंडा स्पेनचा, गव्हर्नर स्पॅनिश, आणि रयत मात्र फ्रेंच बोलणारी, असं ते बेट झालं.

हा बदल घडवून आणणारा गव्हर्नर होसे मारिया चाकोन. १७८४ ते १७९७ त्यानं कारभार पाहिला आणि तेरा वर्षांत लोकसंख्या साडेसतरा हजारांच्या पुढे नेली. त्यात गुलाम होते दहा हजार. १७९७च्या फेब्रुवारीत इंग्रजांचं मोठं आरमार आलं, तेव्हा चागुआरामासच्या उपसागरात उभ्या असलेल्या स्पॅनिश आरमाराच्या सेनापतीनं आपलीच जहाजं पेटवून दिली आणि चाकोननं १८ फेब्रुवारीला शरणागतीच्या कागदावर सही केली. स्पेननं त्याच्यावर ठपका ठेवून त्याला हद्दपार केलं. त्रिनिदादनं मात्र त्याची आठवण ठेवली आहे : त्या देशाचं राष्ट्रीय फूल, लालभडक चाकोनिया, याच्याच नावावरून ओळखलं जातं.

इंग्रज आले म्हणजे इंग्रजी कायदा आला, असं आपण सहज धरून चालतो. तसं झालं नाही. जिंकलेल्या मुलखात नवा कायदा येईपर्यंत जुनाच चालू राहायचा. त्यामुळे पहिला इंग्रज गव्हर्नर टॉमस पिक्टन खुर्चीवर बसला तो स्पॅनिश कायद्याचे अधिकार हातात घेऊन, आणि त्यावर अंकुश ठेवणारी स्पॅनिश वरिष्ठ न्यायालयं मात्र समुद्रापलीकडे राहिलेली. वेल्समधून आलेला हा कडक लष्करी माणूस बेटावर सर्वसत्ताधीशच झाला.

त्याचा परिणाम एका मुलीच्या वाट्याला आला. लुइसा काल्देरोन. वय तेरा-चौदा, मिश्रवंशाची. १८०१ साली तिच्यावर चोरीचा आळ आला. ती कबूल होईना, म्हणून तिचा छळ करायची परवानगी मॅजिस्ट्रेटनं गव्हर्नरकडे मागितली, आणि पिक्टननं फ्रेंचमध्ये एका ओळीचा हुकूम लिहून खाली सही केली. तुरुंगात तिला एका मनगटाला दोर बांधून कप्पीवरून वर ओढलं, आणि पाय टेकवायला खाली ठेवला तो लाकडी खुंटा, टोकदार. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्यानंतर कित्येक महिने बेड्यांत.

हे प्रकरण उजेडात यायला कारण झालं गव्हर्नर-गव्हर्नरांतलं भांडण. लंडननं पिक्टनच्या जोडीला आणखी दोन आयुक्त नेमले, त्यांपैकी विल्यम फुलार्टननं तुरुंगाचे कागद उकरून काढले आणि पिक्टनवर लंडनमध्ये खटला भरला गेला. लुइसाला साक्षीसाठी इंग्लंडला नेलं. १८०६ साली ज्यूरीनं पिक्टनला दोषी ठरवलं. मग त्याच्या वकिलांनी फेरसुनावणी मिळवली आणि १८०८ साली मुद्दा असा मांडला गेला की त्रिनिदादमध्ये तेव्हा लागू असलेल्या स्पॅनिश कायद्यात छळाला मुभा होती. ज्यूरीनं तसा निष्कर्ष दिला आणि शिक्षा कधीच झाली नाही. पिक्टन १८१५ साली वॉटर्लूच्या रणांगणावर पडला आणि वीर ठरला. व्ही. एस. नायपॉल हे त्रिनिदादचेच. त्यांनी या खटल्यावर विस्तारानं लिहिलं आहे. वेल्सची राजधानी कार्डिफच्या नगरभवनातला पिक्टनचा पुतळा हलवावा, असा ठराव तिथल्या नगरपरिषदेनं २०२० साली केला. मला हे उशिराचं का होईना, पण योग्य वाटतं. गव्हर्नरांच्या यादीत पिक्टनचं नाव तारखांसह असतं. लुइसाचं नाव त्याच्या शेजारी वाचलं जायला हवं.

तिसरी गाठ : हे गव्हर्नर करत काय? आजच्या राज्यपालांशी तुलना केली तर उत्तर चुकेल. राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं चालतात. त्रिनिदादच्या गव्हर्नराला मंत्रिमंडळच नव्हतं. जमीन देणं, नेमणुका करणं, कायदा मांडणं, शिक्षा माफ करणं, बंदोबस्ताला फौज उभी करणं, सगळं त्याच्या हातात. १८३१ साली विधान परिषद झाली, पण तिच्यात निम्मे सरकारी अधिकारी आणि निम्मे गव्हर्नरनं नेमलेले, बहुतेक मळेवाले. अध्यक्ष स्वतः गव्हर्नर. निवडून आलेला पहिला सदस्य तिथे दिसायला १९२५ साल उजाडलं, तेही पंचविसांपैकी सातच. मालमत्ता आणि उत्पन्नाच्या अटी अशा, की मतदार म्हणजे लोकसंख्येचा अगदी लहान हिस्सा.

इथे जमैका आणि बार्बाडोसशी गल्लत होते. त्या बेटांवर सतराव्या शतकापासून निवडून आलेल्या सभा होत्या. अर्थात निवडून देणारे गोरे जमीनदार. मग त्रिनिदादला सभा का नाही दिली? कारण ती दिली असती, तर हातात कोणाच्या गेली असती, हे लंडनला दिसत होतं. गोऱ्यांत बहुसंख्य फ्रेंच आणि स्पॅनिश. आणि स्वतंत्र माणसांत गोऱ्यांपेक्षा मिश्रवंशीय दुपटीनं जास्त. इंग्रज मळेवाल्यांची सभा म्हणावी, तर तेवढे इंग्रज नव्हते. सगळ्यांची म्हणावी, तर ती इंग्रजांची राहत नव्हती. म्हणून कारभार थेट राजाच्या नावानं ठेवला. दुसरंही एक कारण होतं. सभा नसल्यामुळे लंडनला हवे ते कायदे आधी त्रिनिदादवर लावून पाहता येत. गुलामांची सक्तीची नोंदवही १८१२ साली आधी इथेच सुरू झाली. बायकांना चाबकानं मारायला बंदी घालणारा हुकूमही १८२४ साली इथेच आला.

त्या हुकमाच्या काळातला गव्हर्नर राल्फ वुडफर्ड. १८१३ साली, तिशीही उलटलेली नसताना तो आला आणि पंधरा वर्षं राहिला. पोर्ट ऑफ स्पेनचे रस्ते, चौक, वनस्पती उद्यान, सगळ्यावर त्याची छाप आहे. त्याच वुडफर्डनं मिश्रवंशीय नागरिकांना पदोपदी खालची जागा दाखवली. तेव्हा त्याच समाजातले, एडिंबरात शिकलेले डॉक्टर ज्याँ-बातिस्त फिलिप यांनी थेट लंडनच्या मंत्र्याकडे दाद मागितली आणि आपल्या लोकांची कैफियत छापून प्रसिद्ध केली. १८२९ साली स्वतंत्र मिश्रवंशीयांना कायद्यानं समान हक्क मिळाले. गव्हर्नर सर्वसत्ताधीश होता, पण त्याच्या डोक्यावरून लंडनला पत्र लिहिता येत असे, आणि लिहिणाऱ्यांनी ते चिकाटीनं केलं.

१ ऑगस्ट १८३४ रोजी गुलामगिरी संपली; पण मुक्तांनी आणखी सहा वर्षं जुन्या मालकाकडे बिनपगारी राबायचं, अशी तिला शेपटी जोडलेली. त्या सकाळी पोर्ट ऑफ स्पेनमध्ये शेकडो माणसं, त्यांत म्हातारे आणि बायका पुष्कळ, गव्हर्नरच्या कचेरीसमोर जमली. गव्हर्नर सर जॉर्ज हिल, सत्तरीचे, बाहेर येऊन कायदा समजावू लागले. लोकांनी त्यांना बोलू दिलं नाही. ‘सहा वर्षं नकोत’ एवढंच ते फ्रेंच बोलीत पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. काहींना पकडून फटके मारले, तरी दुसऱ्या दिवशी लोक परत आले. अखेर पूर्ण मुक्ती सहाऐवजी चारच वर्षांत, १८३८ साली आली, आणि ती साऱ्या ब्रिटिश वेस्ट इंडीजला मिळाली.

मुक्त झालेली माणसं मळ्यावर पूर्वीच्या अटींवर राबायला तयार नव्हती, आणि तयार असण्याचं कारणही नव्हतं. मळेवाल्यांना स्वस्त मजूर हवे होते. ३० मे १८४५ रोजी ‘फातेल रझाक’ हे जहाज कलकत्त्याहून सव्वादोनशे भारतीयांना घेऊन पोर्ट ऑफ स्पेनला लागलं. पुढच्याच वर्षी आपले थोरले हॅरिस गव्हर्नर म्हणून आले, आणि या नव्या मजुरांसाठी नियम करण्याचं काम त्यांच्यावर पडलं.

हॅरिस मनानं वाईट माणूस नव्हता. लंडनला पाठवलेल्या अहवालात त्यानं स्पष्ट लिहिलं होतं की इथे माणसं मोकळी झाली, पण त्यांचा समाज काही उभा राहिलेला नाही. १८५१ साली त्यानं प्रत्येक विभागात सरकारी खर्चानं चालणारी, धर्मशिक्षण वर्गाबाहेर ठेवणारी शाळा काढायची योजना आणली. त्या काळात ही मोठी गोष्ट होती. पण भारतीय मजुरांसाठी त्यानं जे नियम केले, त्यांत मालकानं अन्न-कपडा-औषध द्यावं याबरोबरच मजुरानं लेखी परवानगीशिवाय मळा सोडू नये, असंही होतं. ही दुसरी गुलामगिरीच, अशी ओरड लंडनमध्ये झाली आणि मंत्र्यानं ते नियम नामंजूर केले. मग जुने नियम गेले, नवे धड आले नाहीत. त्यातच १८४६च्या साखर-जकातीच्या कायद्यानं बेटाच्या साखरेचं संरक्षण काढायला सुरुवात झाली आणि भाव कोसळले. मालकांनी मजुरांकडे पाठ फिरवली. आजारी, उपाशी भारतीय रस्त्याकडेला पडलेले सापडू लागले. १८४८मध्ये मजूर आणणं थांबलं. १८५१ला पुन्हा सुरू झालं, ते १९१७पर्यंत. तोवर सुमारे १ लाख ४४ हजार भारतीय त्या बेटावर उतरले होते. परवानगीची चिठ्ठी जवळ नसलेला मजूर रस्त्यावर दिसला तर त्याला पकडायची तरतूद नव्या कायद्यांत परत आलीच, आणि शेवटपर्यंत राहिली.

करार संपल्यावर हे लोक परत का आले नाहीत, असं पुष्कळजण विचारतात. काही आले. पण बरेच राहिले, आणि त्यामागे एका गव्हर्नरचा निर्णय आहे. १८६६ ते १८७० त्रिनिदादला असलेल्या आर्थर गॉर्डननं सरकारी पडीक जमीन छोट्या शेतकऱ्यांना विकत घेता येईल अशी केली, आणि १८६९ साली भारतीयांपुढे पर्याय ठेवला : परतीचं फुकट तिकीट सोडा, दहा एकर जमीन घ्या. मळेवाल्यांचा फायदा होताच. अनुभवी मजूर बेटावरच राहत होता आणि जहाजाचा खर्च वाचत होता. पण त्या मजुरांनाही पाय रोवायला स्वतःची माती मिळाली. त्रिनिदादमधली कित्येक भारतीय वस्तीची गावं अशी उभी राहिली.

गॉर्डनची बदली पुढे मॉरिशसला झाली. तिथल्या भारतीय मजुरांचे हाल पाहून तो हादरला; त्याच्या काळात इंग्लंडहून चौकशी आयोग आला. त्यानंतर तो फिजीचा पहिला स्थायी गव्हर्नर झाला. तिथल्या मूळ लोकांच्या जमिनी आणि त्यांची गावं मळ्यांपासून वाचवायची, हा त्याचा आग्रह. मग मळ्यांवर राबायचं कोणी? त्यानं त्रिनिदाद-मॉरिशसमध्ये पाहिलेलाच उपाय काढला, आणि १८७९ साली ‘लिओनिडास’ हे जहाज भारतीय मजूर घेऊन फिजीला लागलं. गव्हर्नर फिरत होते म्हणजे काय, ते इथे दिसतं. एका बेटावरची करारमजुरी माणसासोबत दुसऱ्या बेटावर पोचत होती, आणि एकाला दिलेल्या संरक्षणाची किंमत दुसरा मोजत होता.

सत्ता अशी एकवटलेली असली की रस्त्यावरची गर्दी हीच लोकांची सभा होते. १८८४ साली मोहरमच्या ताबुतांची मिरवणूक शहरात आणायला सरकारनं बंदी घातली. या मिरवणुकीत मुसलमानांइतकेच हिंदूही असत. लोक सान फर्नांडोकडे निघाले आणि ३० ऑक्टोबरला पोलिसांनी गोळ्या झाडल्या. वीसच्या आसपास माणसं मेली, शंभरावर जखमी झाली. चौकशीला पाठवलं कोणाला? जमैकाचे गव्हर्नर सर हेन्री नॉर्मन यांना, जे १८५७मध्ये दिल्लीच्या वेढ्यात लढलेले. त्यांनी सरकारचीच बाजू उचलून धरली.

१९०३ साली भांडण पाण्यावरून पेटलं. नळाच्या पाण्यावर नवे निर्बंध आणि आकार येणार होते. गव्हर्नर सर अल्फ्रेड मलोनी यांनी परिषदेच्या बैठकीला तिकीट असेल त्यालाच प्रवेश, असा नियम केला. २३ मार्चला बाहेर हजारो लोक जमले, तावदानांवर दगड पडले आणि ज्या लाल इमारतीत बैठक चालू होती, तिला आग लागली. पोलिसांच्या गोळीबारात १६ जण मेले. ‘रेड हाउस’ जळून खाक झालं. आज दिसतं ते १९०७ साली पुन्हा बांधलेलं.

१९३७च्या तेलकामगारांच्या संपात गव्हर्नर मर्चिसन फ्लेचर यांनी वेगळा सूर लावला. मजुरी फार कमी आहे, असं ते परिषदेत उघड बोलले. मळेवाले आणि तेलकंपन्या बिथरल्या, लंडननं त्यांच्याकडे पाठ फिरवली आणि त्याच वर्षाच्या शेवटी त्यांना राजीनामा द्यावा लागला. गव्हर्नराला कोणाच्या विरुद्ध जाता येत होतं आणि कोणाच्या नाही, याचा याहून स्पष्ट पुरावा शोधून सापडणार नाही.

शेवटचे गव्हर्नर होते सॉलोमन होचॉय, चिनी वंशाचे. १९६० साली ते त्या पदावर पहिले बिगरगोरे म्हणून बसले, आणि ३१ ऑगस्ट १९६२ रोजी स्वातंत्र्य आलं तेव्हा तेच पहिले गव्हर्नर-जनरल झाले. १९७६मध्ये देश प्रजासत्ताक झाला आणि ते पदही गेलं. १९८७ साली राष्ट्राध्यक्ष झालेले नूर हसनअली हे भारतातून आलेल्या मजुरांच्या वंशातले.

राहिली मराठी माणसाची गोष्ट. तुमचा प्रश्न साहजिक आहे, कारण पोर्ट ऑफ स्पेन म्हटलं की आपल्याला १९७१ आठवतं : अजित वाडेकर कर्णधार, दिलीप सरदेसाईंचं शतक, पदार्पणातच दोन्ही डावांत अर्धशतक करणारे सुनील गावसकर, आणि वेस्ट इंडीजविरुद्ध भारताचा पहिला कसोटी विजय. पण तिथे टाळ्या वाजवणाऱ्या भारतीय वंशाच्या प्रेक्षकांत मराठी घराणी शोधायला गेलात, तर हाती फारसं लागणार नाही. त्रिनिदादची जहाजं सुटत ती कलकत्त्याहून, काही मद्रासहून. त्यामुळे तिथे गेले ते प्रामुख्यानं आजच्या उत्तर प्रदेश-बिहारचे भोजपुरी बोलणारे आणि थोडे दक्षिणेकडचे. मुंबई बंदरातून करारमजूर गेले ते मॉरिशसला. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या भागांतली कुटुंबं तिकडे गेली, आणि तिथला मराठी समाज आजही गणपती बसवतो, मराठी शिकवतो. तुमच्या नातवाला करारावर गेलेले मराठी लोक शोधायचे असतील, तर त्याला नकाशावर अटलांटिकऐवजी हिंदी महासागराकडे बघायला सांगा.